डाव्या पायावर आळ

तिसऱ्यांदा क्लच गेला तो रायपूरच्या सदर बाजारात, सराफांच्या दुकानांसमोर, ऐन गर्दीत. अच्युतराव दाणी समया उजळायला टाकायला गेले होते. समया काळ्या पडल्या होत्या, कारण त्या घासणारी, म्हणजे त्यांची बायको विनोदिनी, मागच्या वर्षी गेली. समया दुकानात देऊन अच्युतराव गाडीत बसले, पहिला गियर टाकला आणि डावा पाय हळू सोडला. इंजिन ओरडलं. गाडी जागची हलली नाही. मग तो वास आला.

हा वास आता त्यांच्या चांगल्या ओळखीचा झाला होता. ओला पुठ्ठा जाळल्यासारखा. पहिल्यांदा तो तेलीबांधा तलावाजवळ आला, दुसऱ्यांदा पंडरीत कापडाच्या ठोक बाजारात, आणि आता इथं. बघायला भरपूर माणसं असतील अशीच जागा क्लच दर वेळी निवडत होता.

मागं दुचाक्यांनी हॉर्न धरले. एक सराफ गादीवरून उठून पायरीवर आला आणि गिऱ्हाइकांचा रस्ता बंद झाला म्हणून हळहळला. एका स्कूटरवाल्यानं काचेवर टकटक केलं.

"अंकल, क्लच पे पैर रखके चलाते हो क्या?"

"नहीं."

"रखते होंगे. पता नहीं चलता."

अच्युतरावांनी काच वर केली. त्यांची उभी नोकरी सरकारी कोषालयात गेली होती. दुसऱ्यांच्या तिजोऱ्या सांभाळताना त्यांच्या हाताकडे कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं. आता निवृत्तीनंतर अख्खं रायपूर त्यांच्या पायाकडे बोट दाखवत होतं, आणि पाय निर्दोष होता. एवढं त्यांना नक्की माहीत होतं. बाकी सगळ्यांबद्दल त्यांना संशय होता.

पहिला संशय मेकॅनिक साहूवर. क्लचची प्लेट नवी म्हणून सांगायची आणि कुणाची तरी जुनी ठोकून द्यायची, हा उद्योग अच्युतरावांनी दुसऱ्या वेळेलाच ताडला होता. म्हणून तेव्हा त्यांनी गॅरेजमध्ये ठाण मांडून नव्या प्लेटच्या लोखंडावर कर्कटकानं 'अ. दा.' अशी सही कोरली होती. साहू तोंडातला गुटखा चघळत ते पाहत राहिला होता. आता गाडी टोचन करून परत त्याच्याच दारात आली. त्यानं गियरबॉक्स खाली उतरवला, काळीठिक्कर प्लेट काढली, फडक्यानं पुसली आणि अच्युतरावांसमोर धरली.

"देख लो अंकल. आपका ही दस्तखत है."

दस्तखत त्यांचंच होतं. 'दा'चा काना जरा वाकडा आला होता, तोही तसाच होता.

"मग जळली कशी?"

"पैर से," साहू म्हणाला. "हमर बबा घलो अइसने ट्रॅक्टर चलात रिहिस."

साहूचे आजोबाही असाच ट्रॅक्टर चालवायचे, हे ऐकून अच्युतरावांना मुळीच बरं वाटलं नाही. पण साहू संशयातून सुटला, हे त्यांना नाइलाजानं मान्य करावं लागलं. संशयित माणूस सुटला की फार गैरसोय होते. दुसरा शोधावा लागतो.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा, श्रेयसचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली हाही संशयाचा विषय होता.

"बाबा, मी क्लियर सांगून राहिलो. अगली बार क्लच गया, तो गाडी जाएगी. एक्सचेंजवाल्याला मी इथूनच पाठवतो. तुम्ही कॅबनं फिरा."

"तुझ्या आईची गाडी आहे ती."

तिकडे श्रेयसनं आवाज खाली आणला.

"म्हणूनच तर म्हणून राहिलो, बाबा. आई चालवायची तेव्हा एकदाही क्लच गेला नाही."

गाडी होती विनोदिनीचीच. ती चालवायची आणि अच्युतराव मांडीवर पिशवी घेऊन डाव्या सीटवर बसायचे. त्यांच्याकडे लायसन होतं, पण ते बहुतेक ओळखपत्र म्हणूनच वापरात होतं. ती गेल्यावर गाडी अंगणात कव्हर घालून उभी राहिली. खिडकीतून पाहिलं की ती निजलेल्या माणसावर चादर ओढल्यासारखी दिसे. म्हणून एक दिवस त्यांनी कव्हर काढलं आणि ते स्वतः चालवायला लागले. समोरच्या खणात विनोदिनीचा गॉगल होता आणि श्रीखंडाच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट. त्याला त्यांनी हात लावला नव्हता. एक्सचेंजवाला आला तर पहिल्यांदा खण रिकामा करायला सांगेल, हे त्यांना दिसत होतं. त्यामुळे क्लच चौथ्यांदा जाता कामा नये, आणि त्यासाठी तो जाळणारा माणूस सापडायला हवा होता.

समोरच्या घरातले यशवंतराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी गाडी मागून पाहिलेली असल्यामुळे पुढं बसलेल्या माणसाची चूक त्यांना लगेच समजे. दोघं रोज सकाळी बरोबर फिरायला जात. बागेला वेढा घालायचा, मग टपरीवर चहा, मग घरी.

"पाय तुमचा आहे," यशवंतराव म्हणाले, "पण तुमच्या ताब्यात आहे का?"

"मग कोणाच्या ताब्यात राहील?"

"सवयीच्या. मी गार्ड होतो, अच्युतराव. ड्रायव्हर म्हणते सिग्नल हिरवा होता. तो खोटं नाही बोलत. त्याले खरंच हिरवा दिसला असते. तुम्हाले पाय खाली दिसते. तो असते वरती."

"मी खाली पाहत जाईन."

"पायाकडे पाहाल तर रस्त्याकडे कोण पाहील? इथं यंत्र पाहिजे."

यंत्र त्यांनीच आणलं. नातवाच्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या गळ्यातलं ते घुंगरू होतं. ते क्लचच्या पेडलला बांधायचं, पाय लागला की वाजेल. अच्युतरावांना हा अपमान वाटला, पण निर्दोष माणसानं चौकशीला भिऊ नये म्हणून त्यांनी ते स्वतःच्या हातानं बांधलं, कोषालयात नाण्यांच्या थैलीला मारतात तशी गाठ मारून. ही गाठ अशी असते की सोडली तर पुन्हा तशी मारता येत नाही.

मग दोघं शंकर नगरातून फेरी मारून आले. यशवंतराव डाव्या सीटवर, मान गियरपर्यंत वाकवून, कान खाली करून बसले होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की गाडीत एक पेशंट आहे आणि दवाखाना सापडत नाहीये. ओळखीच्या एकानं तर थांबवून विचारपूसही केली. घुंगरू फक्त गियर बदलताना वाजलं. मधे एकदाही नाही.

"ऐकलं ना?" अच्युतराव म्हणाले.

यशवंतराव मान चोळत उतरले. "आज सावध होता पाय. साक्षीदार बसला होता ना बाजूले."

पण अच्युतरावांना जे कळायचं ते कळलं होतं. पाय निर्दोष आहे. प्लेट खरी आहे. म्हणजे गाडी आणखी कुणीतरी चालवतं.

दोन-चार दिवसांनी त्यांना पुरावाच मिळाला. भाजी आणायला म्हणून त्यांनी दार उघडलं, आणि बसायला गेले तर गुडघे स्टेअरिंगला अडले. सीट पुढं सरकलेली होती. विनोदिनी ठेंगणी होती; सीट नेहमी तिच्या मापानं पुढं असायची. आताही ती बरोबर तिथंच होती. अच्युतराव दाराला धरून उभे राहिले. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही. मग ते खाली वाकले. घुंगरू पेडललाच होतं, पण थैलीची गाठ गेली होती. तिच्या जागी बुटाच्या लेसला मारतात तसं दोन कानांचं फुलपाखरू होतं. विनोदिनीनं गाठ नीट मारली असती. म्हणजे हे माणसांचं काम होतं, आणि तेही बेशिस्त माणसांचं.

आणखी एक गोष्ट होती. पुढची काच लख्ख पुसलेली होती.

गाडीची दुसरी किल्ली त्यांनी घरभर शोधली. मिळाली नाही. विनोदिनीच्या कपाटात नाही, देवघरात नाही, पिठाच्या डब्यामागं नाही. मग ती श्रेयसनं नेली असेल, आणि त्यानंच कुणाकडून तरी क्लच जाळवून घेतला असेल, म्हणजे गाडी विकायला कारण मिळावं, असा एक संशय त्यांच्या मनात येऊन दुपारभर राहिला. चहा घेतल्यावर तो गेला. तेवढ्यात कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला त्यांना पाहून हसला. इस्त्रीवाला रोजच हसायचा. पण त्या दिवसापासून त्यांना त्या हसण्यात काहीतरी दिसायला लागलं. दूधवाल्यानं "कैसे हो बाबूजी" असं विचारलं तेही जास्त आपुलकीनं. गल्लीत सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि आपल्यालाच नाही, अशी त्यांची खात्री होत चालली. ही खात्री पुढं खरी निघाली, हे आताच सांगून टाकायला हरकत नाही.

ते पोलीस ठाण्यात गेले. नोंदी लिहिणाऱ्या मुंशीनं खुर्ची दिली, पेन उघडलं.

"क्या चोरी हुआ?"

"गाडी."

"कब से नहीं है?"

"है. घर में खडी है."

"मतलब मिल गई."

"गुमी ही नहीं थी. जाती है, वापस आ जाती है."

मुंशीनं पेन खाली ठेवलं. "अंकल, चोर गाडी वापस रखके जाता है?"

"जगह पर. काच भी पुसता है."

"ऐसा चोर हमको भी भेज दो," बाजूचा हवालदार म्हणाला.

"नुकसान क्या हुआ?" मुंशीनं विचारलं.

"क्लच."

मुंशीनं पुष्कळ विचार केला. गाडी चोरीला गेली की कायद्यात धारा होती. गाडी फोडली की धारा होती. क्लच झिजवला ह्याला धारा नव्हती. शेवटी तो आवाज मऊ करून म्हणाला, "अंकल, बुरा मत मानना. आप क्लच पे पैर तो नहीं रखते?"

अच्युतराव नमस्कार न करता उठले.

सरकार मदत करत नाही असं दिसल्यावर त्यांनी सरकारी पद्धत हातात घेतली. कोषालयात रोज संध्याकाळी तिजोरीच्या दाराला सील लागतं. त्यांनी गाडीच्या चारही दारांच्या फटींवर डिंकानं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टीवर सही, सहीवर लाखेचा ठिपका, ठिपक्यावर अंगठीचा छाप. लाख तापवायला ते अंगणात मेणबत्ती घेऊन बसले तेव्हा फाटकाबाहेर माणसं थांबायला लागली. एकीनं गाडीची पूजा आहे असं समजून चपला काढल्या.

"हे काय करून राहिले?" यशवंतरावांनी कुंपणावरून विचारलं.

"सील."

"भाजीले जायचं असलं की?"

"तोडीन. आल्यावर पुन्हा लावीन."

"म्हणजे पालकाच्या जुडीसाठी पंचनामा."

अच्युतरावांनी पुढच्या पट्टीला डिंक लावला. एक मात्र झालं. गाडीला मागं डिकी असते आणि तिलाही झाकण असतं, हे त्यांच्या मनातच आलं नाही. तिजोरीला डिकी नसते. त्यांच्या हिशेबी दारातून माणूस येतो आणि डिकीतून पिशवी.

दुसऱ्या दिवशी फिरून आल्यावर त्यांनी पट्ट्या तपासल्या. चारही शाबूत. सही आपली, छाप आपला. समाधानानं त्यांनी बॉनेटवर हात टेकला आणि चटका बसला. बॉनेट गरम होतं. आणि हवेत, पुसटसा, पुठ्ठ्याचा वास होता.

हे त्यांनी यशवंतरावांना सांगायला नको होतं. यशवंतराव हळूच म्हणाले, "अच्युतराव, राग नका मानू. वहिनींचा जीव ह्या गाडीत होता. दारं बंद आहेत आणि गाडी चालून राहिली... एखादी शांत करून घ्या."

"ती असती," अच्युतराव म्हणाले, "तर क्लच जळाला नसता."

आणि ते घरात निघून गेले. यशवंतरावांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण दुपारी त्यांच्याकडून वाटीभर कोथिंबिरीची सांबारवडी आली.

त्यानंतरच्या सकाळी दोघं फिरायला निघाले. कोपऱ्यावर अच्युतराव थांबले.

"तुम्ही व्हा पुढं. पाय दुखून राहिला."

"डावा का?"

"उजवा," अच्युतराव ताडकन म्हणाले.

यशवंतराव दिसेनासे झाल्यावर ते मागच्या गल्लीनं परतले आणि यशवंतरावांच्याच कुंपणाच्या कण्हेरीआड उभे राहिले. तिथून आपलं अंगण नीट दिसत होतं. ह्या वयात झुडपामागं लपणं त्यांना शोभत नव्हतं. इस्त्रीवाल्यानं रस्त्यावरून त्यांना पाहिलं, आणि आज तो हसला नाही. उलट घाबरल्यासारखा दिसला.

अंगणात गाडीची डिकी उघडी होती. डिकीतून दोन पाय बाहेर आले होते. पायांत पांढरे वॉकिंग शूज होते आणि ते हवेत सायकल मारत होते.

"अजून जरा, पद्मजा," मागं उभी असलेली एक ठेंगणी बाई म्हणत होती. "कंबर आत घे."

"मायी कंबर काय माया ऐकण्यात आहे का? लोट."

ठेंगणीनं लोटलं. पाय मागच्या सीटवरून आत गेले. गाडी दोन्ही बाजूंना डुलली. मग ठेंगणीनं ओढणी कंबरेला बांधली, देवाला करतात तसा गाडीला नमस्कार केला आणि तीही डोकं पुढं घालून त्याच वाटेनं आत शिरली. तिसऱ्या बाईनं बाहेरून डिकी हलकेच लावली आणि जाऊन फाटक उघडलं. हे सगळं इतक्या सवयीनं चाललं होतं, की अच्युतरावांना आधी राग आला तो त्या सवयीचा.

पाय यशवंतरावांच्या बायकोचे होते. ठेंगणी होती कांताबाई, मागच्या गल्लीतली, आणि फाटकावर कलावती. तिघी विनोदिनीच्या भजनातल्या.

इंजिन सुरू झालं. घुंगरू वाजलं. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा उडी, पुन्हा बंद. इंजिन भणभणत राहिलं, आणि वास सुटला. चोर रंगेहाथ सापडला होता. पुढं व्हायचं आणि बोलायचं, एवढंच उरलं होतं. अच्युतरावांनी पाऊल उचललं.

उघड्या काचेतून पद्मजाबाईंचा आवाज आला. "घाई काय आहे? रस्ता कुठं पळून राहिला? पायाले सांग, जरा बस, मग ऊठ."

आवाज पद्मजाबाईंचा होता, बोलणं नव्हतं. ते बोलणं, त्यातला तो 'जरा'वरचा हेल, सगळं विनोदिनीचं होतं. फाटकाशी, फोनवर, कुकर लावताना, अच्युतरावांना मोजे सापडत नसताना, घरात रोज ऐकलेलं. दुसऱ्या कुणाच्या आवाजात का होईना, ते पुन्हा कधी ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते कण्हेरीला धरून उभे राहिले. कण्हेर वाकली, आणि कलावतीनं त्यांना पाहिलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "भाऊजी."

गाडी आपोआप बंद पडली.

अच्युतराव अंगणात आले. गाडीतल्या दोघी समोर पाहत बसल्या होत्या, फोटो काढून घेत असल्यासारख्या. कांताबाईंनी स्टेअरिंग सोडलं नव्हतं.

"उतरते, भाऊजी," कांताबाई म्हणाल्या. "पण दाराले सील आहे."

"डिकीतून येतो ना आम्ही," पद्मजाबाई म्हणाल्या. "कलावती म्हणत होती, तोडून टाकू. मी म्हटलं, मुळीच नाही. त्यायची सही आहे त्याच्यावर."

कोषालयातल्या माणसाला ह्याच्यावर रागावणं अवघड होतं. नोकरीत त्यांनी सील तोडणारे पाहिले होते, पण सील न मोडता डिकीतून सरपटणारे पहिल्यांदाच पाहत होते.

"किल्ली कुठली?" त्यांनी विचारलं.

"विनूनं देऊन ठेवली होती. तुमचाच नियम, म्हणे. दोन्ही किल्ल्या एका घरात ठेवायच्या नाहीत."

नियम त्यांचाच होता. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे. हा नियम त्यांनी घरात इतक्या वेळा सांगितला होता, की विनोदिनी ऐकत नाही असं त्यांनी धरून चाललं होतं.

"मले तिनंच शिकवली गाडी," पद्मजाबाई म्हणाल्या. "लायसनही काढून दिलं. कांताले तिसऱ्या गियरपर्यंत आणलं होतं. मग ती दवाखान्यात गेली."

"आमच्या यांचे डोळे गेले, भाऊजी," कांताबाई स्टेअरिंगकडे पाहत म्हणाल्या. "आमची गाडी दारात उभी आहे, पण लायसनबिगर ते हात लावू देत नाहीत, आणि तपासायले न्यायचं तर कोणाच्या तरी पाया पडावं लागते. विनू म्हणाली होती, तुले शिकवल्याबिगर सोडत नाही. येत्या आठवड्यात टेस्ट आहे मायी."

"मग मागितली काहून नाही गाडी?"

पद्मजाबाईंनी खिडकीबाहेर डोकं काढलं.

"मी मागं एकदा कव्हरवरची पानं झाडली," पद्मजाबाई म्हणाल्या. "तुम्ही मले विचारलं, कोणाच्या परवानगीनं."

अच्युतरावांना ते आठवलं. त्यांनी मान हलवली, बॉनेटवर हात ठेवला, आणि पुन्हा चटका बसला.

"आमच्या यायले तेवढं सांगू नका," पद्मजाबाई घाईनं म्हणाल्या. "त्यायले माहीत नाही मले चालवता येते. ते म्हणतात, बाईनं स्टेअरिंग धरलं की..."

त्यांचं वाक्य तिथंच राहिलं, कारण ते म्हणणारे गृहस्थ फाटकात उभे होते. एकटं फिरण्यात त्यांना चव लागली नव्हती. यशवंतरावांनी गाडीत कोण आहे ते न पाहताच नाक वर करून हुंगलं.

"आला," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "वास आला. म्हणून पाय दुखत होता का? मी काय म्हणत होतो, अच्युतराव?"

आणि आपण काय म्हणत होतो ते श्रेयसनंही ऐकावं म्हणून त्यांनी लगेच फोन लावला. पुण्याला बातमी कोण पोचवतं, हेही त्या निमित्तानं कळलं. दोन शब्द बोलून त्यांनी फोन अच्युतरावांच्या हातात दिला.

"बाबा, फिरसे?" श्रेयस म्हणाला. "पाय ठेवता ना तुम्ही? एकदा मान्य करा फक्त."

अच्युतरावांनी सभोवार पाहिलं. सांगायचं एकच वाक्य होतं. साक्षीदार हजर होते, वास हवेत होता, चारही सीलं शाबूत होती. ते वाक्य बोललं की सदर बाजारापासून ठाण्यापर्यंत त्यांचा पाय धुतल्यासारखा स्वच्छ होणार होता. पद्मजाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. कांताबाईंचे हात स्टेअरिंगवर, डाव्या उजव्या बाजूला सारख्या उंचीवर होते. विनोदिनी अगदी तसेच ठेवायची.

"हो," अच्युतराव म्हणाले. "पाय माझाच. मी ठेवतो क्लचवर. सवय आहे."

यशवंतरावांचं तोंड उघडंच राहिलं. इतके दिवस ज्याच्यासाठी ते भांडले ते असं एकाएकी हातात पडेल, ह्याची त्यांनी तयारी केली नव्हती.

"मग विकू ना गाडी?" श्रेयस म्हणाला.

"काहून? गाडीचा काय दोष? दोष पायाचा आहे. आजपासून मी चालवणं सोडलं."

"मग कोण चालवेल?"

"ड्रायव्हर ठेवला."

"कोण?" यशवंतराव म्हणाले.

कांताबाईंनी शाळेत करतात तसा हात वर केला.

यशवंतरावांनी कांताबाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या बाजूला बसलेल्या आपल्या बायकोकडे. "तू काहून बसली ह्या गाडीत?"

"देवळात चालली," पद्मजाबाई म्हणाल्या. "काकड्याले."

"सूर्य वर आला."

"म्हणून तर गाडीनं."

अच्युतरावांनी फोन कानाला तसाच धरून डाव्या बाजूचं दार उघडलं. पट्टी फाटली, लाख तुटून खाली पडली. पद्मजाबाई उतरून मागं बसल्या, तिथलीही पट्टी फाटली. कलावती दुसऱ्या बाजूनं बसली, तिचीही. अच्युतराव आपल्या जुन्या सीटवर बसले. मांडीवर पिशवी नव्हती, म्हणून त्यांनी हात ठेवले.

"चला," ते म्हणाले.

घुंगरू वाजलं. गाडी हलली, आणि ह्या वेळी उडी न मारता हलली. ती फाटकातून बाहेर पडली, वळायची तिथं मात्र वळली नाही, रस्ता ओलांडून सरळ यशवंतरावांच्या फाटकाकडे निघाली. तिच्या पुढं पळत यशवंतराव लगबगीनं आपल्या अंगणात शिरले आणि त्यांनी फाटक लावून घेतलं. गाडीचं नाक फाटकाला अलगद टेकलं आणि थांबलं. पलीकडे यशवंतराव गज धरून उभे होते.

"पण ड्रायव्हर कसा आहे, बाबा?" श्रेयस विचारत होता. "ठीक चालवतो ना?"

अच्युतरावांनी काचेतून यशवंतरावांकडे पाहिलं.

"चांगला आहे," ते म्हणाले. "थांबवता येते त्याले."